बिनपात्याचा खांब

१

"त्यांच्या गच्चीवरचा तो खांब रुक्मिणबाईचा श्वास—"

एवढं गुणाबाईच्या कानावर पडलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं. अयोध्याबाईचे ओठ हलताना दिसले, समोरच्या बाईनं गालाला हात लावल्याचंही दिसलं; पण खांब त्या श्वासाचं करतो काय, तो शेवटचा शब्द काही हाती लागला नाही. आपल्या बोलीची खोडच ती. कोण, कुणाचं, कशाचं ते आधी सांगून ठेवायचं आणि झालं काय ते अगदी शेवटाला.

दुसरी एखादी असती तर गिरणी थांबल्यावर विचारून मोकळी झाली असती. गुणाबाईला विचारणं म्हणजे कमीपणा. उदगीरच्या बाहेर माळावर वसलेल्या त्या कॉलनीत कुणाची पोरगी बघायला पाहुणे येणार, कुणाच्या घरात दोन दिवस अबोला आहे, हे तिला न विचारता ठाऊक असायचं. शिक्षण सातवी. पण अर्धं वाक्य मिळालं की उरलेलं ती घर येईपर्यंत शिवून टाकायची.

वळणावर तारामती भेटली.

"काय म्हनतेत गं गिरणीवर?"

"काय म्हनावं माय! रुक्मिणआक्काच्या गच्चीवरचा खांब म्हातारीचा श्वास खायलाय म्हनं."

'खायलाय' हा शब्द तिचा स्वतःचा, घरचा. जिभेवरून गेला तेव्हा कसा चपखल बसल्यासारखा वाटला.

२

रुक्मिणबाईच्या आणि गुणाबाईच्या घरात एकच भिंत. रुक्मिणबाईनं तीस वर्षं डाळमिलमध्ये तूर पाखडली; टरफलाची बारीक धूळ छातीत बसली ती बसलीच. आता नाकाला नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन. मुलगा कामाला हैदराबादला. घरात सून तनुजा. ही आयटीआय झालेली, धान्याच्या मोंढ्यामागच्या दुकानात जळालेल्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळायची. लाईट गेली की मशीन बंद, आणि माळावर लाईट जाणं रोजचंच. म्हणून तिनं आषाढात गच्चीवर स्वतःच्या हातानं खांब उभा केला. दीड पुरुष उंच, पांढरा, पोकळ, खाली निमुळता. ना पातं, ना चाक. वाऱ्यात नुसता उभ्या जागी थरथरायचा. तेवढ्यानं बॅटरी भरायची आणि लाईट नसली तरी म्हातारीचं मशीन चालायचं.

गुणाबाई वाटी घेऊन शिरली.

"तनुजा, जरा विरजण दे गं."

"काकू, परवाच नेलं की तुम्ही."

"ते फसलं."

खाटेवरून रुक्मिणबाई हसली. हसता हसता खोकली, खोकता खोकता म्हणाली, "विरजण न्हाई फसलं. हिची बातमी कच्ची राहिली असंल. बस खाली, गुणा. काय ऐकून आलीस?"

"काय न्हाई आक्का. तुमचा खांब कसा चालतो ते बघावं म्हनलं."

तनुजानं वाटी ठेवली. तारा ओढून ओढून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. "पाण्यात काठी उभी धरली तर मागं भोवरे पडतेत का न्हाई? तसंच वाऱ्याचं. खांबाला वळसा घालून जातो, मागं भोवरे सोडतो. ते खांबाला एकदा हिकडून ढकलतेत, एकदा तिकडून. बुडाशी लोहचुंबक हाय अन् मी गुंडाळलेली तार हाय. हाललं की करंट."

"पाती नसताना?"

"पाती कशाला लागतेत? पाखरं मरतेत पात्यानं."

"अन् वारा नसला तर?"

तनुजानं वाटी तिच्यापुढं सरकवली. "वारा कुठूनतरी येतोच, काकू."

उत्तर बरोबरच होतं. पण गुणाबाईची नजर दारातून अंगणात गेली होती. भाद्रपद लागल्यापासून हवा पडली होती. दारातल्या लिंबाचं पान हलत नव्हतं. दोरीवरचं लुगडं पाणी निथळायला टांगल्यासारखं सरळ लोंबत होतं. आणि अंगणातल्या फरशीवर खांबाची सावली डुलत होती.

आषाढात तो भरभर थरथरायचा, सतारीची तार छेडल्यासारखा. आता सावकाश डुलत होता. एकदा हिकडं. मग थांबून एकदा तिकडं.

गुणाबाईनं वाटी उचलली. जाता जाता तिनं रुक्मिणबाईकडं पाहिलं. छाती वर गेली, सावली हिकडं आली. छाती खाली बसली, सावली तिकडं गेली.

योगायोग, असं ती स्वतःशीच म्हणाली. हा शब्द तिला सातवीत शिकवला होता आणि तो आजवर फारसा वापरायला मिळाला नव्हता.

३

त्या दिवसापासून भिंतीतून आवाज येऊ लागला. आधीही येत असेल. लक्ष गेलं नव्हतं. भांडी घासताना, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. घुंऽऽ. मग काही नाही. मग घुंऽऽ. भिंतीला तळहात लावला की आवाजापेक्षा हाताला जास्त कळायचं.

गुणाबाई ऐकत राहायची, कारण ऐकणं हा तिचा धंदाच होता. चौथ्या दिवशी सकाळी कणीक मळताना तिच्या लक्षात आलं, की आपण घुंऽऽला श्वास सोडतोय. मुद्दाम तिनं वेगळा घ्यायचा प्रयत्न केला. घेतला की. दोन-चारदा जमला. मग कणकेत लक्ष गेलं आणि बघते तर पुन्हा त्याच ठेक्यावर.

भजनात नाही का सगळ्यांच्या टाळ्या आपोआप एक होत? तसंच हे. तिनं कणीक झाकून ठेवली आणि चहा टाकला.

नवरा श्रीमंत ओट्यावर बसला होता. त्याचं बसस्टँडसमोर पंक्चरचं दुकान. त्याला कपात आणि स्वतःला बशीत ओतून तिनं बशी तोंडाशी नेली, फुंकर मारली.

वाफ हलली नाही.

तिनं पुन्हा गाल फुगवून फुंकर घातली. ओठांना हवा गेल्याचं कळत होतं. बशीतल्या चहावर सुरकुतीही उमटली नाही. वाफ सुईतल्या दोऱ्यासारखी सरळ वर चढली, आणि डोक्याच्या वर जाऊन सामाईक भिंतीकडं वळली. शेजारी उदबत्ती नव्हती, पंखा बंद होता. वाफ एवढी शहाण्यासारखी वळली, की गुणाबाईला वाटलं तिला कुणीतरी हाक मारली असावी.

"ओ," ती म्हणाली, "माझ्या फुंकरीत दमच न्हाई उरला."

"हवा कमी झाली असंल," श्रीमंत कपातून वर न बघता म्हणाला. "ये दुकानात. चाळीस पॉइंट भरून देतो."

"मस्करी नका करू. जिना चढला तरी धाप लागायली मला."

"वजन बघ की आपलं."

हेही बरोबरच होतं. गेल्या वर्षी डॉक्टर हेच म्हणाले होते. गुणाबाईनं चहा गार होईपर्यंत बशी धरून ठेवली आणि मग गटकन पिऊन टाकला.

४

'खातो' हा शब्द तोवर सगळ्या कॉलनीनं जेवायला बसवला होता. कुणी त्याला भाजी वाढली, कुणी पापड. खांबानं आधी लिंबावरची पाखरं खाल्ली, मग तारामतीच्या पोरीचा आवाज बसवला, आता म्हातारीवर आलाय. भगवानराव पीटीचे मास्तर होते, निवृत्त झालेले. टँकर आला की शिट्टी फुंकून रांग लावायचं काम तेच करत. त्यांनी ठरवून टाकलं, की रविवारी सकाळी दहाला खांब उतरवायचा.

शुक्रवारी तनुजा गुणाबाईच्या दारात आली. आत आली नाही.

"काकू, लोक म्हनतेत, खांब आत्याचा श्वास खातो. पहिल्यांदा तुम्हीच म्हनलाव म्हनं." सासूला ती आत्या म्हणायची. "लाईट गेली की आत्याकडं काय राहतं, तुम्हाला ठाव हाय. खांब गेला तर आत्या जाईल. एवढंच सांगायला आले."

ती गेली. गुणाबाई पोळी तव्यावर तशीच टाकून अयोध्याबाईकडं गेली.

"अयोध्ये, त्या दिवशी गिरणीवर तू काय म्हनलीस? खांब रुक्मिणबाईचा श्वास, अन् पुढं?"

"सांभाळतो, म्हनलं. लाईट गेली तरी मशीन चालू राहतं म्हनून. सून असावी तर अशी, असं म्हनलं मी." अयोध्याबाईनं कमरेवर हात ठेवले. "'खातो' कुण्या भवानीनं घातलं मला कळंना झालंय!"

गुणाबाई परत निघाली. एका शब्दापायी म्हातारी जाणार होती, आणि तो शब्द आपला. पण त्याखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. तिनं अंदाजानं लावलेला शब्द खोटा निघाला, हे बरंच झालं. मग बशीतली वाफ?

५

रविवारी गल्लीत पंधरा-वीस माणसं जमली. भगवानरावांनी दोरखंड आणला होता आणि दोन धट्टेकट्टे गडी. तनुजा जिन्याच्या तोंडाशी हातात पाना घेऊन उभी.

गुणाबाई मधे जाऊन उभी राहिली. "ऐका. 'खातो' हा शब्द माझा हाय. अयोध्याबाई 'सांभाळतो' म्हनली होती, मला ऐकूच आलं न्हाई. मी आपल्या मनानं घातला. आता काढून घेते."

"बोललेला शब्द काय उसनी साखर हाय, परत न्यायला?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

भगवानराव हसले नाहीत. "गुणाबाई, शब्द तुमचा असंल. शिट्टी माझी हाय." त्यांनी गळ्यातली शिट्टी ओठांत धरली, गाल फुगवले, कपाळाच्या शिरा तट्ट झाल्या. शिट्टीतून हूं की चूं नाही. आतला दाणासुद्धा हलला नाही. "बत्तीस वर्षं फुंकली. मोंढ्यात वाजते, स्टेशनवर वाजते. ह्या गल्लीत शिरलं की मुकी. माझ्या जिवाला काय वाटत असंल?"

आता कुणी हसलं नाही. गुणाबाईला दिसलं, की म्हातारा घाबरलाय.

"मी काय राक्षस न्हाई," ते तनुजाकडं वळून म्हणाले. "आत्ता लाईट हाय. मशीन लाईटवर चालू हाय. मग खांबाचा अन् तुझ्या सासूचा आत्ता संबंध काय? नुसता धरून ठिवतो, हालू देत न्हाई. तिला काय झालं, तर जसा हाय तसा राहील. न्हाई झालं, तर काढायचा. बोल, यात वावगं काय?"

वावगं काहीच नव्हतं. तनुजा वर गेली, तिच्यामागं माणसं. गुणाबाई आत खाटेजवळ जाऊन बसली.

मशीनवर हिरवा दिवा होता. फुस्, फुस्, असा त्याचा नेहमीचा आवाज चालू होता. छतातून घुंऽऽ उतरत होतं.

"काय गं," रुक्मिणबाई म्हणाली, "माझा पाळणा बंद करायलेत का?"

"घडीभर आक्का. मी हाय."

"तू हायस म्हंजे गावाला कळंलच."

वर पावलं वाजली. "धर. हां, घट्ट धर." दोरखंड घासल्याचा आवाज आला. घुंऽऽ सुरू झालं आणि मधेच तुटलं.

मशीन चालू होतं. हिरवा दिवा तसाच. फुस्, फुस्. रुक्मिणबाईची छाती निम्मी वर आलेली, तिथंच थांबली.

"आक्का?"

डोळे उघडे होते. त्यांत दुखणं नव्हतं की भीती नव्हती. रेल्वेचं फाटक पडलं की बैलगाडीतली बाई जशी गाडी जाईपर्यंत बघत बसते, तशी ती गुणाबाईकडं बघत होती.

"आक्का, मस्करी नको." गुणाबाई मनात मोजू लागली. दहा. वीस. नळीला बोट लावलं. हवा येत होती, बोटाला गार लागली. तीस. तिच्या हातातला हात थंड पडत चालला.

आणि तेवढ्या वेळात गुणाबाईच्या स्वतःच्या छातीत हवा शिरली. महिनाभरात आली नव्हती अशी, थेट पोटापर्यंत. खांदे हलके झाले. डोळ्यांसमोर लख्ख झालं. इतकं बरं वाटलं, की दोन श्वास ती नुसती घेतच राहिली. ते दोन श्वास तिला पुढं कधी विसरता आले नाहीत.

वर शिट्टी वाजली. खणखणीत, अख्ख्या माळाला ऐकू जाईल अशी. लोकांनी ओरडून टाळ्या पिटल्या.

गुणाबाई अंगणात धावली. सगळी हवा आता तिच्याजवळ होती, ती तिनं एकदम बाहेर काढली.

"सोडाऽऽ! सोडा म्हनते ना, मुडद्यांनोऽऽ!"

दोर सुटला. शिट्टी वाजता वाजता विझली. खोलीतून रुक्मिणबाईचा खोकला आला, आणि त्याच्यामागं छतातून घुंऽऽ.

६

जिन्याच्या अठरा पायऱ्या चढताना तिला तीनदा थांबावं लागलं.

गच्चीवर ऊन होतं. खांब सावकाश डुलत होता आणि त्याच्याभोवती माणसं उभी होती. भगवानराव शिट्टी हातात धरून लहान लेकरासारखे बघत होते.

"वाजली! ऐकली ना तुम्ही?"

"ऐकली," गुणाबाई म्हणाली. "तुमचं खरं हाय, मास्तर. अन् ती वाजली तेवढा वेळ खाली आक्काची छाती हालली न्हाई. मशीन चालू, लाईट चालू, नळीतून हवा यायली, अन् आक्का बंद. मी हात धरून बसले होते. आता तुम्हीच सांगा. शिट्टी पायजे का आक्का पायजे?"

भगवानरावांनी शिट्टीकडं पाहिलं. मग ती गळ्यातून काढून खिशात घातली.

तनुजा तिच्याजवळ आली, हळूच म्हणाली, "बॅटरीची तार मी पंधरा दिवसांपूर्वीच सोडवलीय, काकू. वारा नसताना हालायला लागला तेव्हाच. आता लाईट गेली तरी मशीन लागत न्हाई आत्याला. खांब उतरवायला पन गेले होते एकदा. दुपारी. एक बोल्ट काढला, अन् खालून आत्या..."

गुणाबाईनं या खेपेला ते वाक्य पुरं केलं नाही.

तिचं लक्ष माणसांकडं गेलं होतं. दोघं गडी, तारामती, अयोध्याबाई, मास्तर, कठड्यावर बसलेली पोरं. खांब हिकडं आला. सगळ्यांचे खांदे खाली गेले, सगळ्यांचे ओठ किंचित उघडले. खांब तिकडं गेला. सगळ्यांचे खांदे वर आले. तारामती तिच्या पोरीशी बोलत होती, तेसुद्धा खांब तिकडं जाईपर्यंत थांबून थांबून. कुणाला काही कळत नव्हतं. ज्याच्या-त्याच्या केसांची बट, पदराचं टोक, मास्तरांच्या मिशा, सारं वारा नसताना एकाच बाजूला, खांबाकडं झुकलेलं होतं.

गुणाबाईनं डोळे मिटले. उघडले. ऊन डोळ्यांवर आलं असेल. जिना चढून चक्कर आली असेल. तिनं आपला पदर बघितला. तोही.

"गुणाबाई," मास्तर म्हणाले आणि सगळे तिच्याकडं वळले, "तुम्ही आत होताव. एकदा काय ते सांगून टाका. खातो का न्हाई?"

"खात न्हाई." तिनं थांबून श्वास जमवला. "ओढतो."

"म्हंजे लोक म्हनत होते ते..."

"रुक्मिणआक्काचा न्हाई. तिच्यासाठी ओढतो."

"मग कुणाचा?"

सांगता आलं असतं. आजवर तिनं कुठलीच बातमी दुपारपर्यंतसुद्धा पोटात ठेवली नव्हती. पण ही सांगितली, तर दोरखंड पुन्हा बांधला जाणार होता आणि या खेपेला कुणी सोडलाही नसता.

ती चालत गेली आणि खांबाला पाठ लावून, लोकांकडं तोंड करून उभी राहिली. पाय फाकून, पदर खोचून.

"माझा," ती म्हणाली. "भिंतीला भिंत हाय, दुसऱ्या कुणाचा ओढील? मोप हाय माझ्याकडं. आख्खी कॉलनी म्हनते, गुणीचं तोंड बंद होत न्हाई. आता मी देईन, न्हाईतर न देईन, तुम्हाला काय करायचंय? उतरा खाली. जो दोराला हात लावील, त्याच्या घरचं मी चौकात सांगीन."

या धमकीला कॉलनीत तोड नव्हती. एकेक करून माणसं उतरली, मास्तर सगळ्यात शेवटी. गल्लीच्या तोंडापर्यंत ते गेले, वळून पाहिलं आणि मोंढ्याच्या वाटेला लागले.

तनुजा म्हणाली, "काकू, बाजूला व्हा आता. गेले सगळे."

"व्हते की."

पाठीला खांब कोमट लागत होता. तिनं श्वास सोडला. तिला सोडायचा होता त्यापेक्षा तो लांब गेला, तळापासून निघाला, आणि छाती रिकामी झाल्यावरही खांब तिच्या पाठीशी टेकूनच राहिला, अजून आहे का ते बघितल्यासारखा.

"हावरट," ती म्हणाली. आवाज काही फुटला नाही. तिनं पाय अजून जरा फाकले आणि पुढचा श्वास मिळेपर्यंत तिथंच उभी राहिली.